तीही आपलीच माणसे

जळगाव तालुक्यात भादली बुद्रुक नावाचे गाव आहे. जानेवारी २०२१ मध्ये तेथे ग्रामपंचायतीची निवडणूक होती. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या एका जागेसाठी अंजली पाटील यांनी अर्ज भरला. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो नामंजूर केला. का? तर अंजली या तृतीयपंथी आहेत, म्हणून.

पुढे काय झाले ते सांगतो. पण तृतीयपंथी म्हणजे कोण, हे आधी नीट समजून घेऊ.

मूल जन्मले की सुईण अंग पाहून सांगते, मुलगा झाला, किंवा मुलगी झाली. बहुतेकांच्या बाबतीत ते पुढेही खरे ठरते. पण काही मुले जाणती होऊ लागली की त्यांचे मन वेगळेच सांगते. अंग मुलग्याचे, पण मन म्हणते, मी मुलगी आहे. कुणाचे याच्या उलट असते. काहींच्या शरीराची ठेवण जन्मापासूनच निराळी असते. अशा माणसांना आपण तृतीयपंथी म्हणतो.

हे सोंग नव्हे. वाईट संगतीने लागलेली खोड नव्हे. आईबापांचे पाप तर नव्हेच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही गोष्ट मनाच्या आजारांच्या यादीतून काढून टाकली. आजारच नाही, तर औषध कशाला? मारून, कोंडून, भगताकडे नेऊन मन बदलत नाही. लग्न लावून दिले, तर एकाऐवजी दोन जिवांचे हाल होतात.

ही माणसे आजकालची नाहीत. महाभारतातला शिखंडी तुम्हांला ठाऊक आहे. आणि ती थोडीथोडकीही नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसांची नोंद स्त्री किंवा पुरुष अशी न होता ‘इतर’ अशी झाली. त्यांपैकी ४० हजार ८९१ आपल्या महाराष्ट्रातली होती.

मग गावात ती का दिसत नाहीत? कारण त्यांचे घर सुटते. शाळेत पोरे अशा मुलाच्या चालण्याची नक्कल करतात. मी शाळेत असताना हे पुष्कळदा पाहिले. मूल शाळा चुकवू लागते. घरी बाप म्हणतो, “लोक काय म्हणतील? तोंड काळं कर!” पोर रात्रीच्या गाडीने शहर गाठते. शिक्षण अर्धवट, ओळख ना पाळख. काम कोणी देत नाही, भाड्याने खोली कोणी देत नाही. शेवटी टाळी वाजवून पैसे मागायची पाळी येते. मग आपणच म्हणतो, “यांना कष्ट नकोत!” बैलाचे पाय बांधायचे आणि चालत नाही म्हणून चाबूक मारायचा, त्यातली ही गत.

आणखी एक नवल पाहा. परडी घेऊन जोगत्या दारात आला, की आपण जोगवा घालतो, त्याच्या पाया पडतो. पण तोच शेजारी राहायला आला तर? कपाळाला आठ्या! आशीर्वाद चालतो, मग शेजार का चालू नये?

आता कायद्याचे पाहू. आपल्या घटनेचे १४ वे कलम सांगते, की कायद्यापुढे सर्व व्यक्ती समान आहेत. त्यात ‘व्यक्ती’ असे म्हटले आहे, केवळ पुरुष किंवा केवळ स्त्री असे नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तृतीयपंथीयांनाही इतरांसारखेच हक्क आहेत. पुढे २०१९ साली संसदेने त्यांच्यासाठी कायदा केला. शाळा, दवाखाना, नोकरी, भाड्याचे घर, यांत त्यांना डावलू नये, असे त्यात लिहिले. तृतीयपंथी आहे एवढ्यासाठी मुलाला आईबापांपासून तोडू नये, असेही लिहिले. अशा माणसाला घरातून वा गावातून हुसकून लावणाऱ्यास ६ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड ठेवला.

याच कायद्याचा आधार अंजली पाटील यांना मिळाला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्यांना स्त्रियांच्या जागेवरून उभे राहण्याची मोकळीक दिली. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

मंडळी, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. न्यायालयाने अर्ज मान्य करवला, पण मते न्यायालयाने दिली नाहीत. मते दिली ती गावातल्या बायाबापड्यांनी आणि गड्यांनी. कायदा दार उघडून देतो. “या, बसा,” असे म्हणणे मात्र घरच्यांच्याच हाती असते.

मग आपण काय करावे? फार अवघड काही नाही. अशा माणसाला त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारा. ‘ताई’ म्हटलेले आवडत असेल, तर ताई म्हणा. पंगतीत ताट वाढा. अंगी कसब असेल, तर काम द्या आणि मजुरी इतरांइतकीच द्या. चावडीवर कोणी टवाळी करू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

आणि आपल्याच घरातले लेकरू असे निघाले तर? त्याला जवळ घ्या. त्याची शाळा सुटू देऊ नका. लोक चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. पण घराबाहेर काढलेले लेकरू परत येईलच असे नाही.