पाईप, डक्ट आणि बीम : वाट कुणी सोडायची?



इमारत म्हटलं की आपल्याला विटा, सिमेंट आणि स्लॅब आठवतात. पण मोठ्या इमारतीचा बराचसा कारभार आपल्याला दिसतच नाही. मिरजेला दवाखान्याच्या निमित्ताने आपल्या सातारा-सांगली भागातले कितीतरी लोक जातात. अशा एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये वर पाहिलं तर पांढरं फॉल्स सीलिंग दिसतं. त्याच्या वर आणि स्लॅबच्या खाली जी पोकळी असते, तिच्यात एसीचे पत्र्याचे डक्ट, सांडपाण्याचे पाईप, आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाईप, ऑक्सिजनची नळी आणि विजेच्या केबलचे ट्रे असं सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं. यांनाच बिल्डिंग सर्व्हिसेस म्हणतात.

धडक म्हणजे काय?

या प्रत्येक गोष्टीचं ड्रॉइंग वेगळी माणसं काढतात. एसीवाला एसीचं, प्लंबिंगवाला पाण्याचं, इलेक्ट्रिकवाला विजेचं. प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर असतं. पण सगळी एकावर एक ठेवली, की कळतं की डक्ट आणि पाईप दोघांनी एकच जागा धरलीय! याला 'क्लॅश' म्हणजे धडक म्हणतात.

ही धडक कागदावर सापडली तर खोडरबराने भागतं. साईटवर सापडली तर मात्र घाईत बीमला भोक पाडलं जातं, आतली सळई कापली जाते आणि इमारतीची ताकद कमी होते. किंवा सांडपाण्याचा पाईप कसाबसा वर उचलून नेतात. मग त्याचा उतार जातो, तो तुंबतो आणि एक दिवस खालच्या वॉर्डात छत गळायला लागतं. त्रास पेशंटला होतो, चूक मात्र दोन वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगमधली असते.

संगणक धडक कशी ओळखतो?

आता ड्रॉइंग सपाट कागदाऐवजी लांबी, रुंदी, उंची असलेल्या मॉडेलमध्ये काढतात. याला बिम म्हणतात. नेव्हिसवर्क्ससारखं सॉफ्टवेअर सगळ्यांची मॉडेल्स एकत्र करून तपासतं. युक्ती साधी आहे. प्रत्येक वस्तूभोवती एक खोका आहे असं समजायचं. दोन खोके लांबीत, रुंदीत आणि उंचीत, तिन्हीकडे एकमेकांत शिरत असतील, तरच धडकेची शक्यता. एका जरी दिशेने मोकळे असतील तर प्रश्नच मिटला. ज्या जोड्या उरतात, त्यांचाच खरा आकार मग बारकाईने तपासायचा.

काही धडका न भिडताही होतात. व्हॉल्व्ह फिरवायला हात जायला हवा, ऑक्सिजनची नळी आणि विजेची केबल यांच्यात अंतर हवं. ते नसेल तर तीही धडकच मोजतात.

आपल्या महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या कामात असं मॉडेल वापरलं गेलं. त्यात तीन मिती तर होत्याच, शिवाय वेळ आणि खर्चही जोडलेला होता, म्हणून त्याला फाईव्ह-डी बिम म्हणतात. मार्च २०१९ मध्ये ही मेट्रो प्रवाशांसाठी सुरू झाली.

सापडली, पण सोडवायची कशी?

खरी गंमत इथे आहे. वर्गात एका बाकावर चार मुलं बसलीत. एकाला सरकवलं की शेजारच्याला धक्का, त्याला सरकवलं की टोकाचा खाली! पाईपचंही तसंच. एक धडक सोडवताना दुसरी तयार होते. म्हणून संगणकाला आधी नियम द्यावा लागतो : वाट कुणी सोडायची?

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे. कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणं अवघड. ज्याची अडचण मोठी, त्याला आधी जाऊ द्यायचं.

इमारतीतही हाच न्याय चालतो. बीम-कॉलम जागचे हलत नाहीत, त्यांचा मान पहिला. मग सांडपाण्याचा पाईप, कारण त्यातलं पाणी फक्त उताराने वाहतं. त्यानंतर मोठे डक्ट, कारण ते जाड असतात आणि वळवायला जागा फार लागते. मग दाबाच्या पाण्याचे पाईप. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे, तिथले पंप आपण विहिरीवर पाहतो. पंप पाणी वर ढकलतो, त्यामुळे असा पाईप वर-खाली वळला तरी चालतो. सगळ्यात शेवटी केबल. ती कशीही वळते, म्हणून बहुतेक वेळा वाट तिनेच सोडायची.

एक उदाहरण सोडवूया

समजा, जमिनीपासून बीमचा तळ २८५ सेंमीवर आहे आणि फॉल्स सीलिंग २४० सेंमीवर. म्हणजे मधे जागा ४५ सेंमी. सांडपाण्याचा पाईप ११ सेंमी जाड, बीमला लागून निघतो आणि १०० ला १ या उताराने १० मीटर जातो. म्हणजे शेवटी तो १० सेंमी खाली येतो. त्याच्या खालून आडवा डक्ट न्यायचाय, इन्सुलेशन धरून ३० सेंमी उंच.

डक्ट पाईपच्या शेवटच्या टोकाशी ओलांडला तर : ११ + १० + ३० = ५१. जागा ४५. धडक!

पण डक्ट पाईपच्या सुरुवातीपासून २ मीटरवर ओलांडला तर पाईप तिथे फक्त २ सेंमी उतरलेला असतो : ११ + २ + ३० = ४३. बसला!

संगणक हेच करतो. ओलांडायची जागा थोडी-थोडी सरकवून, प्रत्येक वेळी सगळ्या खोक्यांशी पुन्हा ताडून पाहतो. ज्या वाटेला वळणं कमी, सामान कमी आणि नवी धडक नाही, ती वाट निवडतो. माणसाला ज्याला दिवस लागतील, ते तो थोड्या वेळात करतो.

मग माणसाचं काम काय?

भरपूर आहे. एक पाईप चुकीच्या उंचीवर काढला आणि तो ४० बीममधून गेला, तर यादीत ४० धडका दिसतात. खरी चूक मात्र एकच. ती ओळखून एकदाच दुरुस्त करायला समज लागते. शिवाय वर काढलेल्या उत्तरात फक्त २ सेंमी उरले. तिथे डक्ट टांगायला जागा आहे का, मिस्त्रीचा हात पोचेल का, हा प्रश्न संगणकाला आपण सांगितला तरच पडतो. नियम चुकीचा दिला, तर संगणक तीच चूक फार वेगाने आणि सगळ्या मजल्यांवर करेल.

म्हणून मुलांनो, पुढे कराडला किंवा सांगलीला इंजिनिअरिंग शिकून तुम्ही अशा ऑफिसात बसलात, तर बटण दाबण्याआधी विचारा : यात कुणाची अडचण मोठी आहे?

करून पाहा

१) शाळेच्या किंवा घराच्या एका भिंतीवरचे पाईप, वायर आणि खिडक्या चौकटीच्या कागदावर मोजून काढा.
२) आता तिथे बेसिन बसवायचंय असं समजा. सांडपाण्याचा पाईप १०० ला १ उताराने कुठून न्याल?
३) वाटेत कोणती वस्तू आडवी येते? वाट कुणी सोडावी आणि का, ते दोन वाक्यांत लिहा.