चुंबकाच्या मदतीने कर्करोगाच्या गाठीपर्यंत

पिंपळगाव रेणुकाई परिसरातल्या मिरची उत्पादकाला ठाऊक असते, की फवारणी रोगट पानापुरती होत नाही. केमोथेरपीचेही तसेच, गाठीसोबत निरोगी पेशींनाही मार बसतो.

औषध नेमके गाठीत पोहोचावे म्हणून आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांवर संशोधन सुरू आहे. एमआरआयमध्ये हे कण साचलेली जागा गडद दिसते. बाहेरून सतत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र दिले, की कण तापतात. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला कर्कपेशी दुबळ्या होतात. कणांवर पॉलिमरचा किंवा सोन्याचा थर देऊन औषधही चढवता येते. हे हायब्रीड कण. आयआयटी मुंबईत डॉ. धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने यावर बरेच काम केले आहे.

मात्र २०१६ मधील एका आढाव्यानुसार, प्राण्यांवरील प्रयोगांत सर्वसाधारणपणे ०.७ टक्केच नॅनोकण गाठीत पोहोचले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात. त्यामुळे शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी हेच आजचे मुख्य उपचार आहेत.

नव्या उपचाराची वाट पाहत तपासणी लांबवू नका. स्तनातली न दुखणारी गाठ किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम डॉक्टरांना लगेच दाखवा.