निर्दोष मुक्ततेनंतरचे नव्वद दिवस

घरात शिरून म्हाताऱ्या जोडप्याचा खून होतो, कपाटातले दागिने जातात. काही दिवसांत आरोपी पकडले जातात, दागिनेही सापडतात. खटला उभा राहायला वर्षे लागतात आणि एक दिवस सत्र न्यायालय सगळ्यांची निर्दोष मुक्तता करते. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात घरच्यांना जो तो काहीतरी सांगत असतो. त्यातले बरेचसे चुकीचे असते, आणि त्यावर विसंबून राहिल्याने हातातला वेळ निघून जातो. म्हणून हे नीट मांडले पाहिजे.

सगळ्यात आधी कानावर येते ते असे: ‘एकदा सुटला की त्याच गुन्ह्यात पुन्हा शिक्षा होत नाही.’ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (२) चे अर्धवट वाचन आहे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा देता येत नाही, हे खरे. पण अपील हा दुसरा खटला नव्हे, तो त्याच खटल्याचा पुढचा टप्पा आहे. दिल्लीत १९९६ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा खून झाला. आरोपी १९९९ मध्ये सुटला आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून त्याला दोषी ठरवले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, पण दोषसिद्धी कायम ठेवली.

‘अपील करायचे की नाही, ते सरकार ठरवणार’

२००९ पर्यंत पोलीस केसमध्ये हे जवळपास खरे होते. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ ला जोडलेली तरतूद लागू झाली आणि पीडिताला स्वतःचा अपिलाचा हक्क मिळाला. खून झालेल्या माणसाचे कायदेशीर वारस हेही कायद्याच्या व्याख्येत पीडितच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४१३ मध्ये आहे.

सरकारला उच्च न्यायालयात अपील करताना आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. पीडिताला ती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बहुमताने स्पष्ट केले. अपील चालू असताना ते करणारा नातेवाईक वारला, तर त्याचे वारस ते पुढे चालवू शकतात, हे २०२५ च्या एका निकालाने पक्के झाले. या हक्काला एक मर्यादा मात्र आहे. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील करता येते. शिक्षा कमी वाटते एवढ्याच कारणाने येत नाही. ते काम सरकारचे.

सरकारी अपिलासाठी मुदत कायद्याने ९० दिवसांची आहे, निकालाच्या तारखेपासून. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. तेवढ्या काळात जिल्हा सरकारी वकिलाचे मत, विधी व न्याय विभागाची मंजुरी, उच्च न्यायालयातल्या सरकारी वकिलांकडे कागद, असा फाइलचा प्रवास व्हायचा असतो. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पटण्याजोगे कारण लागते. पीडिताच्या अपिलाची मुदत कलम ४१३ मध्ये लिहिलेली नाही; म्हणून नव्वद दिवस हीच आपली हद्द धरून चालावे. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज द्यावा आणि सरकारकडे लेखी विनंती करावी. सरकारची फाइल हलेल या भरवशावर स्वतःचे अपील थांबवू नये.

‘दागिने सापडले, मग खून सिद्धच आहे’

घरच्यांना सर्वाधिक जाळणारा प्रश्न हाच असतो, आणि तो समजण्याजोगा आहे. आईची पाटली आरोपीच्या घरातून निघाली, तरी न्यायाधीश म्हणतात खून सिद्ध झाला नाही. हे कसे?

चोरीनंतर लगेचच ज्याच्याकडे माल सापडतो, तो एकतर चोर असतो किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. ‘एकतर–किंवा’ हा भाग महत्त्वाचा. राजस्थानातल्या एका जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मृताचे दागिने ज्याच्याकडे सापडले तो एवढ्यावरून खुनी ठरत नाही. याउलट १९९५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खटल्यात खून आणि लूट एकाच घटनेचा भाग होते, दागिने काही दिवसांतच मिळाले आणि आरोपीला समाधानकारक खुलासा देता आला नाही. तेव्हा त्याच पुराव्यावर खुनाची शिक्षा टिकली. म्हणजे माल किती दिवसांनी सापडला, तो मृताच्या अंगावरचाच होता का आणि आरोपीचे त्यावर म्हणणे काय, यावर सारे ठरते.

त्यातही सापडणे सिद्ध व्हावे लागते. आरोपीने ‘जागा दाखवतो’ म्हटल्याचा निवेदन पंचनामा, मग जप्ती पंचनामा, दागिन्यांचे पाकीट, त्यावर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पंच साक्षीला उभा राहतो आणि उलटतपासात म्हणतो, ‘सही मी पोलीस ठाण्यात केली, जागेवर गेलोच नाही.’ पंच फितूर झाला म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवरही जप्ती सिद्ध होऊ शकते. पण पाकिटाला सील नसेल, पाटलीचे वर्णन फिर्यादीत नसेल, ओळख पटवताना तिच्यासारख्या दुसऱ्या पाटल्या शेजारी ठेवल्याच नसतील, तर उच्च न्यायालय तरी काय उचलून धरणार?

कारण अपिलात नवा खटला चालत नाही. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. वाचले जातात ते जुने जबाब आणि जुने पंचनामे. जादा पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तो क्वचित वापरला जातो आणि तपासातली भगदाडे बुजवण्यासाठी तर नाहीच.

‘वरच्या कोर्टाला वेगळे वाटले की निकाल फिरतो’

उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तोलू शकते; प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्येच तसे सांगितले होते. मात्र निर्दोष ठरलेल्या माणसाच्या बाजूने निरपराधित्वाचे गृहीतक दुप्पट बळकट झालेले असते, आणि पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर खालच्या न्यायालयाने काढलेला निष्कर्ष बदलायचा नाही, हे तत्त्व २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नीट मांडले. म्हणून ‘न्यायाधीशांनी चुकीचा विचार केला’ एवढे पुरत नाही. महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही, कायदा चुकीचा लावला, निष्कर्ष कोणत्याही समंजस माणसाला काढता येणार नाही असा आहे, हे दाखवावे लागते.

ही अट जाचक वाटत असेल, तर नाशिकचा खटला पाहा. २००३ मध्ये तिथे एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपास पुढे गेलाच नाही. सहा माणसांची सोळा वर्षे गेली आणि त्या स्त्रीला न्यायही मिळाला नाही. संशयाचा फायदा आरोपीला का द्यायचा, याचे याहून कडू उत्तर माझ्याकडे नाही.

अपील दाखल झाले की आरोपी लगेच आत जातो, हाही समज चुकीचा. उच्च न्यायालय अटक वॉरंट काढू शकते, पण हजर झाल्यावर जामीनही देऊ शकते, आणि बहुधा देते. खटला संपण्याआधीच आरोपीकडून सहा महिन्यांसाठी वरच्या न्यायालयात हजर राहण्याचा जातमुचलका घेतला जातो, तो यासाठीच. उच्च न्यायालयाने मुक्तता फिरवून जन्मठेप किंवा फाशी दिली, तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा थेट हक्क आहे. उलट उच्च न्यायालयानेच आरोपीला सोडले, तर सरकार आणि घरचे या दोघांपुढेही अनुच्छेद १३६ खालची विशेष परवानगी मागण्याचीच वाट उरते.

पैशाअभावी अपील होणार नाही, असेही लोक समजून बसतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही उत्पन्नाच्या स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. शिवाय आरोपी सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज आहे असे वाटल्यास खटल्याचे न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते, हे तर अनेक वकीलही सांगायचे विसरतात.

गुजरातमध्ये एका सहा वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि तिच्या पायातले चांदीचे पैंजण गेले. खालच्या न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने रद्द करून आरोपीला सोडले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. त्याच निकालात प्रत्येक राज्याला आदेश आहे: मुक्ततेच्या प्रत्येक निकालाची पोलीस आणि अभियोग खात्यातल्या वरिष्ठांच्या समितीने छाननी करावी, तपासात कसूर करणारा अधिकारी शोधावा आणि त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई करावी. अपिलाचा अर्ज देताना, आपल्या खटल्याची अशी छाननी झाली का, हेही घरच्यांनी लेखी विचारावे.