डाव्या कुशीतला गोळा आणि अडकलेले बटण

डाव्या बरगडीखाली जड वाटते, दोन घास खाल्ले की पोट भरते, रात्री घाम येतो, वजन उतरत जाते. वस्तीत अशा माणसाला ‘पोटात गोळा झालाय’ म्हणून झाडपाल्याचे औषध सुरू होते. भगिनींनो, त्याआधी रक्ताची सीबीसी करून घ्या. पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या लाखाच्या वरही जातात आणि प्लीहा फुगते. तोच तो गोळा.

हा आजार सहसा आईबापाकडून येत नाही, एका ताटात जेवल्याने तर नाहीच नाही. मग होते काय? पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ सांगणारी काही प्रथिने असतात, त्यांना कायनेज म्हणतात. विहिरीवरच्या पंपाच्या बटणासारखी ती चालू-बंद होतात. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि ‘बीसीआर-एबीएल’ नावाचे नवेच कायनेज तयार होते. त्याचे बटण चालूवर अडकलेले. टाकी भरून वाहते तरी पंप थांबत नाही.

इमॅटिनिब ही गोळी नेमकी त्या बटणात जाऊन बसते. कायनेजला शक्ती मिळण्याची जागाच ती अडवते. अमेरिकेत तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी हा आजार काही वर्षांत माणूस नेत असे. आता गोळी नियमित घेणारे बरेच जण कामधंदा करत वर्षानुवर्षे जगतात.

पण गोळी परवडायला हवी ना! पेटंटच्या वादाच्या काळात नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. कंपनीने पेटंट मागितले, तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनीही तोच निकाल कायम ठेवला. जुन्या औषधाचे रूप बदलले, पण गुण वाढल्याचे दाखवता आले नाही, म्हणून पेटंट नाही. कायदा असा गरिबाच्या औषधाच्या डब्यापर्यंत पोचतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडून लोक बांबोळीला किंवा परळच्या टाटाला जातात. निदान पक्के करायला बीसीआर-एबीएलची तपासणी लागते. खर्चाचे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा, दागिने मोडायची घाई नको. गोळी जेवणासोबत, मोठा पेला पाण्याबरोबर घ्यावी. पाय-डोळे सुजले, मळमळले तर डॉक्टरांना सांगा. ‘आता बरे वाटते’ म्हणून मनाने बंद करू नका, बटण पुन्हा चालू होते. आणि मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण ही गोळी गर्भाला अपाय करू शकते.