धावत्या गाडीसाठी लेन्स पारखताना

■ जागा : वाघोलीतला पुणे-अहिल्यानगर रस्ता. वेळ पहाटेनंतरची; कोंडीत पॅनिंग जमत नाही.

■ लेन्स : ७०-२०० मिमी झूम. १.५ क्रॉपच्या सेन्सरवर तिची चौकट १०५-३०० मिमीएवढी.

■ उभी गाडी : ट्रायपॉडवरून नंबरप्लेट टिपा, आधी मध्यभागी, मग कोपऱ्यात. एफ/२.८ आणि एफ/५.६ची तुलना करा.

■ समोरून येणारी गाडी : सलग फोकस लावून फोटोंची मालिका घ्या, किती फ्रेम धारदार आल्या ते मोजा.

■ आडवी जाणारी गाडी : ताशी ६० किमी वेगाने ती १/१००० सेकंदात सुमारे १.७ सेंमी सरकते, १/६० सेकंदात २८ सेंमी. पॅनिंगला १/६० ठेवा. स्टॅबिलायझर पॅनिंग मोडवर.

■ खबरदारी : फुटपाथवरूनच टिपा, दुभाजकावर उभे राहू नका.