जुनी छत्री, जुनी वायर आणि तुमचा सर्व्हिसचा धंदा

या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय अगदी कमी भांडवलाचा आहे. गावात फिरताना घरांच्या गच्चीकडे बघा. रिचार्ज बंद झालेल्या कितीतरी डीटीएच छत्र्या नुसत्या गंजत पडल्यात. मालकाला वाटतं, आता सगळं नवीन घ्यावं लागणार. तुम्ही मात्र त्याच छत्रीवर आणि त्याच वायरवर डीडी फ्री डिश चालू करून देऊ शकता. ही सेवा २००४ पासून सुरू आहे आणि तिला महिन्याचं भाडं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. काही ग्राहक विचारतात, "या वायरीला जुना काड्यांचा अँटेना जोडला तर?" वायर तो सिग्नल आणू शकते, पण दूरदर्शनने बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद केले. त्यामुळे गावाकडे अँटेना विकून ग्राहकाचे पैसे वाया घालवू नका.

काम असं करा

१. वायर तपासा. बॉक्स आणि एलएनबी, दोन्हीकडून वायर काढा. मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी एकमेकांना चिकटलेली नाही ना, ते बघा. मग एका टोकाला दोन्ही जोडून दुसऱ्या टोकाला कंटिन्युइटी बघा. आरजी-६ वायर चांगली असेल तर फक्त दोन्हीकडचे एफ कनेक्टर नवीन टाका. जाळी काळी पडली असेल तर पाणी शिरलंय, तेवढा भाग कापा.

२. जोडताना बॉक्स बंद ठेवा. एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट याच वायरीतून जातात. शॉर्ट झालं तर बॉक्स जाऊ शकतो.

३. छत्री फिरवा. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावर आहे. पुण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. छत्री आधी ८३ अंशाच्या उपग्रहावर असेल तर ती पूर्वेकडे वळवून थोडी खाली करा. १०८ अंशाची असेल तर दक्षिणेकडे वळवून थोडी वर. एका वेळी बोटभरच हलवा आणि सिग्नलची पट्टी बघत राहा.

४. मेनूत एलएनबीचा प्रकार बरोबर निवडा. युनिव्हर्सल असेल तर ९७५०/१०६००. कंपनीचा जुना बॉक्स साधारणपणे चालत नाही, म्हणून फ्री डिशचा एमपेग-४ बॉक्स सोबत ठेवा.

दोन टीव्ही असतील तर केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावू नका, दोन तोंडांचा एलएनबी लावा.

आता हिशोब

समजा, दिवसाला ४ कामं, प्रत्येकी ३५० रुपये मजुरी. झाले १४००. पेट्रोल आणि कनेक्टरचे ३०० वजा केले की उरले ११००. आता यातलं एक काम दुसऱ्या दिवशी फुकट परत करावं लागलं, तर त्या कामाची मजुरी गेली, वर पेट्रोल आणि वेळही गेला. म्हणून जिना उतरण्याआधी नट घट्ट करा, कनेक्टरवर टेप मारा आणि ग्राहकाच्या हातात रिमोट देऊन चॅनेल लावून दाखवा.

दर तीन ठेवा: फक्त तपासणी, जुन्या वायरीवर जोडणी आणि नवीन वायरीसह जोडणी. गच्चीवर चढण्याआधीच सांगा. वायर चांगली असताना "खराब आहे" म्हणून २० मीटर नवीन विकली, तर आज चार पैसे जास्त मिळतील. पण गावात अशी गोष्ट लपत नाही. उलट "याने जुनीच वायर वापरून दिली" हे वाक्य एका गल्लीत तुम्हाला आणखी दोन घरं मिळवून देतं.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. छत्री भाड्याची आहे का, हे ग्राहकाला आधी विचारा; कंपनीची असेल तर हात लावू नका. अमुक चॅनेल कायम दिसेल असं वचन देऊ नका, कारण खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि बदलतात. आणि पावसात किंवा पत्र्यावर एकट्याने चढू नका. ३५० रुपयांसाठी हातपाय मोडून घेणं कुठल्याच हिशोबात बसत नाही.

या रविवारी आपल्या गल्लीतल्या बंद छत्र्या मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत आपण दरपत्रक बनवू.