शुक्र कशाचा, आणि कोणी करायचा?

"कसे आहात?" असे विचारले की आपल्याकडे उत्तर ठरलेले: अल्हम्दुलिल्लाह. जीभ सवयीने बोलून जाते. मनात त्या वेळी कोणती नेमत असते, हे विचारले तर बहुतेकांना थांबावे लागेल.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे यावरचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचापर्यंत गोष्टी लिहिल्या. काहींनी त्रासाच्या लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्य जास्त समाधानाचे वाटले, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारीही कमी राहिल्या. पुढच्या अभ्यासांत मात्र हा फायदा बेताचाच दिसला. म्हणून घरात कोणी खरोखर नैराश्यात असेल तर त्याला वही नव्हे, डॉक्टर हवा.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे या. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते. मुंबईचे सुमारे निम्मे पाणी भातसाचे. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाडमधल्या लोकांना घरे सोडावी लागली. टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला "सब्र कर, शुक्र कर" असे सांगणे फार सोपे आहे. मला ते पटत नाही. तिचा शुक्र हा तिचा आणि अल्लाहचा मामला. नळासाठी ग्रामपंचायतीत अर्ज देणे, ग्रामसभेत बोलणे ही नाशुक्री कशी होईल?

शुक्राची पहिली जबाबदारी ज्याला मिळाले त्याची. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचाही शुक्र करत नाही, अशा अर्थाची हदीस आपल्याला ठाऊक आहे. मग मुंब्रा-कुर्ल्यात राहणाऱ्यांनी वुजूचा नळ उघडताना, हे पाणी कोणाच्या शिवारातून आले, एवढे तरी मुलांना सांगावे. आणि नळ बारीक सोडावा.

घरात करून पाहायचे असेल तर इशानंतर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी, पण नेमकी. "सगळे छान आहे" चालणार नाही. विहिरीवर आपली पाळी कोणी दिली, आजारपणात भात लावायला कोण आले, दवाखान्यात रात्रभर कोण बसले, त्याचे नाव घ्यावे. आणि जमले तर सकाळी त्याच्या दारात जाऊन सांगावे.